पाण्याला द्यायचा कागद

नागपूर, १८ ऑगस्ट

अब्बांना निलोफरचा सलाम.

माझा फोन तुम्ही घेत नाही, म्हणून हे पत्र. मराठी तुम्ही बोलता, पण वाचत नाही. मला उर्दू अलिफ-बेच्या पुढे लिहिता येत नाही. तेव्हा हे इमरानभाई वाचून दाखवील. इमरानभाई, मधलं काही गाळायचं नाही आणि माझ्या आवाजाची नक्कल करायची नाही.

अम्मी सांगते, दुकानावर जो येईल त्याला तुम्ही एकच वाक्य ऐकवता : "डिग्री लेके फिर पैलीमें जाके बैठी." ते खरंच आहे. वर्गातली सगळी पोरं माझ्यापेक्षा लहान आहेत. हजेरीला माझं नाव आलं की मागून 'ताई' जोडतात. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही कूलरचं काम अर्धं टाकून सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. आपल्या घरातली पहिली पदवी. आता बी.एड. करेल, शाळेत लागेल, असं तुम्ही वणीभर सांगून बसलात, आणि मी विद्यापीठाच्या चित्रकला विभागात परत पहिल्या वर्षाला नाव घातलं. मी निघाले त्या सकाळी तुम्ही दुकानातला पत्रा कापायचा ग्राइंडर बंद केला नाही. मी केलेला सलाम तुम्हाला ऐकू आला की नाही, मला अजून माहीत नाही.

इथं काय शिकवतात ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. पहिल्या आठवड्यात आम्हाला एक मडकं आणि एक पांढरं फडकं मांडून दिलं. रंगवा म्हणाले. मी फडकं पांढरं रंगवलं. आत्राम मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्या झरी जामणीकडच्या आहेत, हळू बोलतात. म्हणाल्या, "यात पांढरं कुठं आहे ते मला बोटानं दाखव."

मी दाखवायला गेले आणि मला सापडेना. खिडकीकडची बाजू निळसर होती. घडीच्या आत राखाडी नव्हतं, जांभळं होतं. आणि मडक्याच्या जवळ फडक्यावर लाल होतं, अब्बा. मला वाटलं डाग आहे. उठून मडकं थोडं सरकवलं, तर तो लाल रंगही सरकला. मडकं आपला रंग शेजारच्या कपड्यावर टाकत होतं, कुणाला न विचारता. जन्मापासून मी मडकी बघत आले, आपल्या ओट्यावर मडकं आहे, आणि मला हे एकदाही दिसलं नव्हतं.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. शेजारी अंजू बसते, मारेगावच्या बाजूच्या तांड्यावरची, माझ्याच खोलीत राहते. ती म्हणाली, "मडकं पाहून काहून रडून राह्यली वं? फुटलं का?"

अब्बा, मला रागवा, पण हे ऐकून घ्या.

तुमची निलो


नागपूर, २९ सप्टेंबर

अब्बांना सलाम.

अम्मी म्हणाली, मागचं पत्र वाचताना तुम्ही ग्राइंडर बंद केलात. तिनं विचारलं तर म्हणालात, "लाइट गई थी." इमरानभाई विचारतो, लाइट गेली होती तर डोक्यावरचा पंखा कसा फिरत होता.

या महिन्यात एक गोष्ट झाली, ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. मॅडमनी वर्गात एक जुनं स्टूल उलटं करून ठेवलं आणि म्हणाल्या, "स्टूल काढायचं नाही. पायांच्या मधे जी रिकामी जागा आहे तीच काढा." सगळे हसले. मी एक-एक पोकळी काढत गेले, आणि कागदावर स्टूल आपोआप उभं राहिलं. मी त्याला हातही लावला नव्हता. वर्ग चकित झाला. मी झाले नाही, कारण मला हे येत होतं. कुठून येत होतं ते रात्री जेवताना आठवलं.

मोहरमच्या आधी तुम्ही ताजियाचा कागद कातरायला बसायचात तेव्हा मुलींना आत पाठवायचे. आमचं काम चिकटवायला मैद्याची लेई शिजवून देण्यापुरतं. पण सकाळी तिथला केर मी काढत होते. खाली पडलेल्या कागदाच्या पाकळ्या, बदाम, चांद मी केरात टाकले नाहीत. वरच्या खोलीत नेऊन फरशीवर मांडायची, मधे जागा सोडून. आणि त्या सोडलेल्या जागेत तुमची जाळी दिसायची. तुम्हाला काम करताना मी जवळून कधी पाहिलं नाही. तुम्ही जे फेकलंत त्यावरून शिकले.

जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी आम्हाला फक्त काठी आणि कागदाची उभी रचना करायची आहे. मी मॅडमना ताजियाबद्दल सांगितलं : इमामसाहेबांच्या रौज्यासारखा, म्हणजे कबरीवरच्या इमारतीसारखा, बांबू-कागदाचा मनोरा, महिनाभर खपून करायचा, आणि दहाव्या दिवशी नदीवर नेऊन पाण्याला द्यायचा, त्याला आम्ही ठंडा करणं म्हणतो.  मॅडम म्हणाल्या, "एवढं करून, दर वर्षी?" मी म्हटलं, सांगाडा राहतो, कागद जातो. 

मी तसं काही करू का? ताजिया म्हणून नाही. मोहरम नाही, माझी तशी नियत नाही. फक्त ती जाळी, ते मजले. पण विचारायचं तर तुम्हालाच विचारायला हवं.

निलो


वणी, वरच्या खोलीतून, ऑक्टोबरची अखेर

अब्बांना सलाम.

तुम्ही खाली दुकानात आहात, मी वर. तरी पत्रच लिहिते आहे, कारण सुट्टीला आल्यापासून आपलं बोलणं अम्मीमार्फत चाललं आहे. काल ताटावर तुम्ही म्हणालात, "उसको बोल, चावल ले." मी अम्मीला म्हटलं, "अब्बांना सांग, घेतला." अम्मी म्हणाली, "मैं क्या टेलिफोन हूं? दोनों के बीच में बैठके मेरी रोटी ठंडी होती." इमरानभाईला ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत, पण पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ तसाच धरलात.

मग तुम्ही वरणाकडे बघत म्हणालात, "लेई में मोरचूद डालना पडता. नहीं तो झींगुर कागज खाते." अम्मी म्हणाली, "मेरेको क्यूं बोल रहे?"  मी मात्र ऐकलं. मोरचूद घालीन.

काल संध्याकाळी गच्चीवर गेले होते. पत्र्यांवर, तारांवर, अम्मीच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यांवर कोळशाची ती भुकटी. लहानपणी आम्ही बोटानं त्यात नावं काढायचो. मला वाटायचं, हे जगातलं सर्वांत काळं गाव आहे. काल दिसलं की भुकटी काळी नाही. उन्हाच्या बाजूला तपकिरी, सावलीत जवळजवळ निळी. पलीकडं खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर आहेत ना, ऊन उतरताना त्यांच्या कडा गुलाबी झाल्या. वरचा थर पिवळा, मधे राखाडी, खाली वीटकरी. ट्रक जात होते आणि प्रत्येकाच्या मागं उठलेल्या धुळीत थोडा वेळ प्रकाश उभा राहत होता. मी हे गाव सोडून जायला निघाले होते, आणि ते असं आहे.

मी खाली येऊन तुम्हाला हाक मारणार होते, गच्चीवर या म्हणून. दारापर्यंत आले. तुम्ही कूलरची जाळी वेल्ड करत होता, डोळ्यांवर काळी काच होती. परत फिरले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. नको असंही म्हणाला नाहीत. मी सुरुवात करते आहे.

निलो


नागपूर, २२ जानेवारी

अब्बा, सलाम.

हे पत्र मोठं होईल. इमरानभाई, बसून वाच.

झाला. मनोऱ्याचे तीन मजले, माझ्या उंचीपेक्षा हातभर जास्त. कामट्या मी आणि अंजूनं तासल्या. तिचे वडील तांड्यावर टोपल्या विणणाऱ्यांजवळ बसून शिकले होते, त्यामुळे तिला सुरी धरता येते. मला बोट कापता येतं. कागद फक्त पांढरा घेतला. चमचमणारी पन्नी नाही, रंग नाही, अभ्रक नाही. मला बघायचं होतं, नुसती जाळी उभी राहते का. आत एक दिवा ठेवला. अब्बा, तो लावला तेव्हा चारी भिंतींवर, छतावर, आमच्या कपड्यांवर, अंजूच्या गालावर बदाम आणि चांद पडले. खोलीच जाळीची झाली.  अंजूनं हात पुढं केला आणि तळव्यावर पडलेला चांद मूठ मिटून धरायचा प्रयत्न केला. मॅडम दारात होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत आल्या. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर खालच्या मजल्याच्या खांबाला लाल धागा बांधलेला. मला वाटलं, पोरांची मस्करी. मग कळलं, आमच्या इमारतीची साफसफाई करतात त्या हुस्नाबींनी मन्नत मागून बांधला. मी त्यांना म्हटलं, "खाला, हा ताजिया नाही. मी वर्गासाठी केला आहे."

त्या म्हणाल्या, "तू बोलती, नहीं है. मेरी आंख बोलती, है." आणि पोछा पिळून पुढच्या खोलीत गेल्या.

दुपारपर्यंत आणखी धागे आले. हुस्नाबींनी कुणाला सांगितलं असावं. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका मुलांना घेऊन आल्या. प्रदर्शनाच्या वहीत सही करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्या सरळ आत आल्या, दुपट्टा डोक्यावर घेतला, उभ्या राहिल्या. एकीनं गूळ ठेवला. नंतर आमच्याकडचे कॅन्टीनवाले काका आले, त्यांनी अगरबत्ती आणली होती, कागद पेटेल म्हणून अंजूनं ती काढून घेतली आणि म्हणाली, "काका, मनातल्या मनात लावा." त्यांनी हात जोडले आणि मनातल्या मनात लावली.

मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. मी कामट्या बांधल्या, लेई लावली, कुठं सांधा वाकडा आहे, कुठं कागद फाटून ठिगळ लावलं आहे ते मला ठाऊक. आणि आलेल्यांतली एक बाई त्याच ठिगळावर कपाळ टेकून रडत होती. माझ्या हातानं केलेल्या वस्तूत माझ्या हातापेक्षा मोठं काही येऊन बसलं होतं. मला भीती वाटली, आणि तिथून हलावंसंही वाटेना.

आता खरी गोष्ट. परीक्षकांनी तो मनोरा विभागाच्या कायमच्या संग्रहासाठी निवडला आहे. काचेच्या कपाटात राहील. खाली पाटी : निलोफर गफ्फार शेख, वणी. पहिल्या वर्षाच्या कुणाचं काम तिथं आजवर गेलेलं नाही. धाग्यांसकट ठेवू, असं मॅडम म्हणतात. धाग्यांमुळेच तो पूर्ण झाला, असं त्यांना वाटतं.

खोटं कशाला बोलू. मला ते हवं आहे. ती पाटी बसली की तुम्हाला इथं आणायचं, तिच्यासमोर उभं करायचं आणि काही बोलायचं नाही, हे मी मनात ठरवूनही टाकलं. तुम्ही ज्यांना ज्यांना ते 'पैलीमें जाके बैठी' ऐकवलंत त्यांनाही मनातल्या मनात इथं आणून झालं.

पण आपल्याकडं असं काही काचेत राहत नाही. ज्याला धागा बांधला, तो कागद पाण्याला जातो. माझी नियत ताजियाची नव्हती, म्हणजे तो ताजिया नाही, असं धरलं तर मी सुटते. तुम्ही सांगा, मी सुटते का? महिनाअखेर संमतीच्या कागदावर सही करायची आहे. अब्बा, या वेळी वरणाला सांगू नका, मला सांगा.

निलोफर


नागपूर, ४ फेब्रुवारी

अब्बा, सलाम.

इमरानभाईच्या फोनवरून तुमचा आवाज आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. मागं ग्राइंडर नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात : "ये मेरेसे मत पूछ. जिसने धागा बांधा, उसको पूछ. अब उसका है." आणि फोन ठेवल्याचा आवाज. मी ते अंजूला ऐकवलं. ती म्हणाली, "इतक्या महिन्यानं बोलले अन् एवढंच? तुह्ये अब्बा एसटीच्या कंडक्टरवानी आहे, पुढचा स्टॉप सांगून मोकळे." पण तीसुद्धा दुसऱ्यांदा ऐकायला मागत होती.

मी हुस्नाबींकडे गेले. त्या जिन्याखाली डबा उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं : काचेचं कपाट, पाटी, कायमचं राहील, कुणी हात लावणार नाही. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी घास खाली ठेवला.

"कपाट को कुलूप रहता?"

"रहता."

"फिर मेरा मांगा हुआ बाहर कैसे जाएगा?"

 त्या रागावल्या नव्हत्या. समजावून सांगत होत्या, जसं नव्या पोरीला झाडू कसा धरायचा ते सांगावं. "बेटी, मोहर्रम तक रख ले, अच्छी जगह है, पंखा है. मगर मोहर्रम को उसको जाने दे." काय मागितलं आहे ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

मग मॅडमकडे गेले आणि सही करणार नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी ते लपवलं नाही. "निलोफर, अशी संधी परत येईलच असं नाही. फोटो राहतील, पण फोटोत ती खोली नसेल." मी म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात बसले.  संग्रहात आता तिसऱ्या वर्षाच्या ओमचं लाकडाचं काम जाणार आहे. चांगलं काम आहे. मला त्याचा राग येत होता आणि राग येतो याची लाज वाटत होती.

अब्बा, तुम्ही "ठेव" म्हणाला असतात तर मी ठेवला असता. "पाण्याला दे" म्हणाला असतात तर रडत दिला असता आणि तुमच्यावर रुसले असते. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. हे तुम्ही मुद्दाम केलंत का?

मोहरमला मी तो वणीला आणू का? तुमच्या ताजियाच्या मागं, खूप मागं चालेल. नाही म्हणालात तर इथल्याच कुठल्या तलावावर नेईन.

निलो


नागपूर, ५ जुलै

अब्बा, सलाम.

आता आपण बोलतो, तेव्हा पत्राची गरज नाही असं मला वाटलं होतं. पण अम्मीनं काल फोनवर सांगितलं, तुम्ही दोनदा विचारलंत, "चिठ्ठी नहीं आई?" म्हणून लिहिते. जे तुम्हीच पाहिलं ते परत कशाला सांगू? तुम्हाला दिसलं नसेल तेवढं सांगते.

तुम्ही हो म्हटल्यावर, मोहरमला वणीला येताना मी आणि अंजूनं मजले सुटे करून एसटीत चढवले. कंडक्टर म्हणाले, "हे काय घेऊन चालल्या बाई?" मी म्हटलं, ताजिया. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मंग याले मांगच्या सीटवर कायले ठेवता? समोर आणा." वरोऱ्यापर्यंत एका आजोबांनी वरचा कळस मांडीवर धरला होता. त्यांना खरं तर हिंगणघाटला जायचं होतं, ते चुकीच्या गाडीत बसले होते. तरी कळस दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत ते उठले नाहीत.

दुकानासमोर तुम्ही मजले उतरवून घेतलेत, एकावर एक चढवलेत, आणि चहूबाजूंनी फिरून बघितलंत.  तुम्ही म्हणालात, "रंग क्यूं नहीं लगाया?" मी म्हटलं, मला नुसती जाळी बघायची होती. तुम्ही म्हणालात, "हां," आणि इमरानभाईला दोरी आणायला पाठवलंत. त्यानंतर कुणी विचारलं की हा पांढरा कुणाचा, तर तुम्ही म्हणायचात, "नागपूर का है. उसमें किसी के धागे हैं, संभालके." माझ्या मुलीचा, असं तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. सांगायची गरज नव्हती. मी मागं चालत होते आणि सगळे मला ओळखतात.

निर्गुडा नदीच्या काठावर बायका वर थांबतात, तशी मीही थांबले. तुमचा ताजिया पाण्यात गेला. लाल, हिरवा, सोनेरी. मग माझा आणला. तुम्ही आणि इमरानभाई कमरेपर्यंत पाण्यात होता. आणि तुम्ही वर बघून मला खूण केलीत. मी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला आहे का. अम्मीनं मला ढकललं, "जा ना, बुला रहे."

मी दुपट्टा खोचून पाण्यात उतरले. तुम्ही माझ्या हातात वरचा मजला दिलात आणि स्वतः बाजूला झालात. हुस्नाबींचा धागा खालच्या मजल्याच्या खांबावर होता, तो आधीच पाण्याखाली गेला होता. मी तो पुढच्या खोल पाण्यात खाली दाबला. मला वाटलं होतं, कागद लगेच लोळागोळा होईल. झाला नाही. पाणी जाळीतून वर चढत गेलं, एक-एक बदाम, एक-एक चांद भरत गेला, आणि पाण्याच्या आत थोडा वेळ पूर्ण मनोरा उभा होता, हलत, वरच्या ढगांचा उजेड प्रत्येक भोकातून जात. हवेत होता त्यापेक्षा सुंदर. मग लेई सुटली आणि पांढरे तुकडे एकेक करून वर येऊन वाहायला लागले.

मी सांगाडा धरून तशीच उभी राहिले. तुम्हीही हलला नाहीत. इमरानभाईनं हाक मारली तरी तुम्ही बघतच होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. हे तुमच्या ओळखीचं होतं.

अब्बा, इतकी वर्षं तुम्ही दर मोहरमला हे बघून घरी येत होता, ओले कपडे दोरीवर टाकत होता, जेवायला बसत होता. आणि आम्हाला कधी काही सांगितलं नाहीत.

तुमची निलो